डबीतली पोथी

हस्तलिखित पोथी हाती आली की मी आधी तिचे शेवटचे पान उघडतो. लेखनिकाने तिथे शक, तिथी, गावाचे नाव नोंदवलेले असते आणि पुष्कळदा त्याखाली एक ठरावीक संस्कृत श्लोक असतो. त्यात पोथीच बोलते. मला तेलापासून जप, पाण्यापासून जप, माझी बांधणी सैल होऊ देऊ नकोस आणि मूर्खाच्या हाती मला सोपवू नकोस, अशी तिची विनवणी असते. कुठे कुठे लेखनिकाचे गाऱ्हाणेही जोडलेले असते : पाठ, कंबर, मान मोडेपर्यंत बसून हे लिहिले आहे, तेव्हा जपून ठेवा.

जुन्या मराठी मासिकांच्या सूची करणे हा माझा गेल्या पंचवीस वर्षांचा उद्योग. नोकरी सांभाळून, कोणत्याही विद्यापीठाच्या आधाराविना चाललेला. त्या निमित्ताने घरच्या संगणकाला आधी स्कॅनर जोडला गेला, मग एकामागून एक बाहेरच्या हार्ड डिस्क आल्या. ही यंत्रे आतून कशी चालतात हे मी वाचून आणि दुरुस्तीवाल्यांच्या टेबलाशेजारी बसून शिकलो. आज माझ्यासारख्या कितीतरी जणांचा, म्हणजे लेखकांचा, गावचा इतिहास लिहिणाऱ्यांचा, ग्रंथालयांच्या कार्यवाहांचा, सगळा ऐवज तळहाताएवढ्या एका काळ्या डबीत असतो. त्या डबीलाही जणू पोथीचीच चार मागणी आहेत. ती कोणती, हे या लेखात क्रमाने पाहू. पाचवे मागणे श्लोकात नाही, कारण पोथीच्या काळात ते सांगावे लागत नव्हते. त्याकडे शेवटी येतो.

डबीच्या आत

आयबीएम कंपनीने १९५६ साली पहिली हार्ड डिस्क बाजारात आणली. रामॅक यंत्रणेतल्या त्या कपाटाएवढ्या उपकरणात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या आणि सगळ्या मिळून सुमारे ५० लाख अक्षरे मावत. आज खिशात मावणाऱ्या एक टेराबाइटच्या डिस्कमध्ये एक लाख कोटी बाइट बसतात. (ती जोडल्यावर संगणक ९३१ जीबी दाखवतो म्हणून दुकानदाराशी भांडू नये. कंपनी दहाच्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या पटीत. माप तेच, पायली वेगळी.)

बाहेरून सारख्या दिसणाऱ्या डब्यांत दोन निराळी यंत्रे असतात. पहिल्या प्रकारात चुंबकीय लेप दिलेल्या तबकड्या मिनिटाला हजारो फेऱ्या घेतात आणि वाचणारी-लिहिणारी सुई त्यांच्यावर अवघे काही नॅनोमीटर अंतर राखून तरंगत असते. आपल्या डोक्याच्या केसाची जाडी हजारो नॅनोमीटर भरते, यावरून ते अंतर किती नाजूक हे कळेल. दुसऱ्या प्रकारात, म्हणजे पेन ड्राइव्ह आणि एसएसडीमध्ये, फिरणारे काहीच नसते. अतिसूक्ष्म कप्प्यांत विद्युतभार कोंडून ठेवलेला असतो आणि तो आहे की नाही यावरून अक्षर ठरते. तोशिबा कंपनीतल्या फुजिओ मासुओका यांनी १९८०च्या दशकात शोधलेली ही फ्लॅश स्मृती.

दोघींचे मरण निराळे. तबकडीची डिस्क धक्क्याने मरते, तीही बहुधा फिरत असताना. माझ्या ओळखीच्या एका निवृत्त शिक्षकांनी गावोगाव हिंडून म्हाताऱ्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या ध्वनिमुद्रित केल्या होत्या. मुद्रण चालू करण्यापूर्वी ते प्रत्येकीला नाव, माहेर आणि सासर विचारत. सगळे एका डिस्कवर होते. टेबल पुसताना केबल ओढली गेली आणि फिरती डिस्क फरशीवर पडली. नंतर ती जोडली की आतून टकटक आवाज येई. तो आवाज म्हणजे सुईला आपली जागा सापडत नसल्याची खूण. अशा वेळी वीज काढून घेणे एवढेच आपल्या हाती असते, कारण पुन्हापुन्हा चालू केल्याने तबकडीवर ओरखडे वाढतात. गुरुजींनी घाबरून ती दहा-बारा वेळा चालू करून पाहिली. माहिती परत मिळवून देणाऱ्यांनी डबी उघडली तेव्हा तबकडीचा लेपच खरवडला गेला होता. गाणाऱ्या बायकांपैकी बऱ्याच जणी तोवर गेल्या होत्या.

फ्लॅशचे मरण निःशब्द असते. कोंडलेला विद्युतभार हळूहळू झिरपतो, उन्हाळ्यात आणि वापरून झिजलेल्या कप्प्यांत अधिक वेगाने. म्हणून वर्षानुवर्षे वीज न मिळता कपाटात पडलेला पेन ड्राइव्ह हे जतनाचे साधन नव्हे. तो निरोप्या आहे. निरोप पोचवावा आणि रिकामा व्हावा.

सैल बांधणी

श्लोकातले तिसरे मागणे मी आधी घेतो, कारण घरगुती तक्रारींपैकी निम्म्या इथे सुटतात.

पूर्वी संगणकाच्या पाठीमागे प्रिंटरची खाच वेगळी, माउसची वेगळी, मोडेमची वेगळी असे. हा गोंधळ मिटवला तो यूएसबीने. तिची पहिली आवृत्ती १९९६ ची. ती घडवणाऱ्या इंटेलच्या गटात अग्रभागी असलेले अजय भट्ट हे बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे विद्यार्थी. पुढे २००० साली दुसरी आणि २००८ साली तिसरी आवृत्ती आली. तिसरीच्या खाचेत बहुधा निळी पट्टी दिसते. या निळ्या पट्टीचा अर्थ व्यवहारात असा : जुन्या खाचेतून एक टेराबाइटची नक्कल करायला साधारण आठ तास लागतात, तर निळ्या खाचेतून तबकडीच्या डिस्कवर साधारण तीन.

या खाचांतून नुसती माहिती जात नाही, वीजही जाते. दुसऱ्या आवृत्तीची खाच ५०० मिलिअँपिअरपर्यंत प्रवाह देते, तिसरीची ९००. तळहाताएवढी डिस्क त्याच विजेवर फिरते. तीन-चार खाचांचा स्वस्त हब लावून त्यावर डिस्क, स्कॅनर आणि कीबोर्ड एकत्र जोडले की त्या एका खाचेची वीज सर्वांत वाटली जाते. मग डिस्क मध्येच दिसेनाशी होते, पुन्हा उगवते आणि आपण ती बिघडली असे समजतो. उपाय सोपा आहे. डिस्क थेट संगणकाला जोडावी, आणि डेस्कटॉप असेल तर पाठीमागच्या खाचेत. त्या मुख्य सर्किटवरच बसवलेल्या असतात. पुढच्या खाचा आतून वायरीने जोडलेल्या असतात आणि वायर हीच कच्ची कडी. हब हवाच असेल तर स्वतःचा अडॅप्टर असलेला घ्यावा. साडेतीन इंची मोठ्या डिस्कना वेगळा अडॅप्टर लागतो. तो संगणकासोबत यूपीएसवर घ्यावा, नाहीतर लाईट गेल्यावर संगणक जागा आणि डिस्क झोपलेली असा प्रकार होतो.

केबलही पाहून घ्यावी. मोबाइलसोबत मिळणाऱ्या काही केबलमध्ये फक्त विजेच्या तारा असतात, माहितीच्या नसतातच. नव्या सी प्रकारच्या खाचा बाहेरून सगळ्या सारख्या, पण कोणती किती वेगाने चालेल हे दिसण्यावरून कळत नाही. डिस्क ‘गेली’ असे म्हणण्यापूर्वी केबल बदलून पाहावी, खाच बदलून पाहावी, दुसऱ्या संगणकावर लावून पाहावी. या क्रमाने पाहिले तर दुकानाची एक फेरी वाचते.

आणखी एक गोष्ट खरेदीपूर्वीच विचारावी. काही डब्यांत आतली डिस्क साधी असते. डबीची खाच तुटली तरी डिस्क बाहेर काढून दुसऱ्या कवचात बसवता येते. काहींमध्ये मात्र खाच डिस्कच्या सर्किटवरच डाग देऊन बसवलेली असते. काहींमध्ये डबीतले सर्किट सगळा मजकूर सांकेतिक करून लिहिते, त्यामुळे डिस्क बाहेर काढून उपयोग नाही. बांधणी आणि पोथी एकजीव झालेली, असा हा प्रकार.

तेल आणि पाणी

तेलाच्या जागी आज धूळ आणि उष्णता धरावी. डिस्क चालू असताना तिच्यावर कापड, वही किंवा दुसरी डिस्क ठेवू नये. तासन्‌तास नक्कल चालते तेव्हा तिला हवा लागते.

पाण्याबद्दल कोकणातल्या माणसाला वेगळे सांगायला नको. बहुतेक तबकड्यांच्या डिस्क हवाबंद नसतात. दाब सारखा राहावा म्हणून त्यांना गाळणी लावलेले बारीक छिद्र असते आणि ते बुजवू नये अशी सूचना डिस्कवर छापलेली असते. दमट हवा आत जाते ती तिथूनच. पावसाळ्यात डिस्क झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावी आणि पुड्या अधूनमधून बदलाव्यात. वातानुकूलित खोलीतून बाहेरच्या दमट हवेत आणलेल्या डिस्कवर दव धरते; ती लगेच चालू न करता तासभर तशीच ठेवावी.

पण पाणी पुड्यांनी अडत नाही. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले तेव्हा पुण्यात नदीकाठची घरे पुस्तकांसकट आणि कागदांसकट गेली. २६ जुलै २००५ ला मुंबईत तळमजल्यावरच्या घरांत पाणी शिरले, तेव्हा कागदासोबत संगणकही भिजले. ज्या घरात मूळ कागद आहेत त्याच घरात त्यांची एकुलती नक्कल असेल, तर पाणी दोघांना एकदमच गाठते.

मूर्खाचा हात

हा हात बहुतेक वेळा घाईत असतो. आपण फाइल डिस्कवर ओढून टाकली, पडद्यावरची पट्टी भरली, म्हणजे अक्षर डिस्कवर उमटलेच असे नाही. वेग वाढावा म्हणून संगणक काही मजकूर आपल्या तात्पुरत्या स्मृतीत धरून ठेवतो आणि सवडीने लिहितो. मधेच केबल उपटली तर मजकूर अर्धा राहतो. क्वचित अनुक्रमणिकाच बिघडते. मग पाने शाबूत असूनही कोणते पान कुठे आहे हे डिस्कला सांगता येत नाही. विंडोजच्या अलीकडच्या आवृत्त्यांत हे धरून ठेवणे बाहेरच्या डिस्कसाठी मुळातच बंद असते, तरी काढण्यापूर्वी ‘सेफली रिमूव्ह’ करावे, कारण तबकडीच्या सुईला आपल्या जागी जाऊन बसायलाही क्षणभर हवा असतो.

अनुक्रमणिका बिघडली की संगणक विचारतो : डिस्क फॉरमॅट करायची आहे, करू का? इथे ‘नाही’ म्हणावे. मॅकसाठी आखलेली डिस्क विंडोजला लावली तरी हाच प्रश्न येतो आणि डिस्क ठणठणीत असते. ‘हो’ म्हटले की नवी कोरी अनुक्रमणिका जुनीच्या जागी बसते.

दुसरा हात अनोळखी असतो. डीटीपीच्या किंवा झेरॉक्सच्या दुकानात दिलेला पेन ड्राइव्ह घरी येताना कधी कधी विषाणू घेऊन येतो. त्यातला आपल्याकडे फार पसरलेला एक प्रकार सगळे फोल्डर लपवतो आणि त्यांच्या नावाचे शॉर्टकट दाखवतो. फायली तिथेच असतात, त्यामुळे पेन ड्राइव्ह पुसून टाकू नये; विषाणू काढून लपवलेले उघडे करता येते. छापखान्यासाठी एक पेन ड्राइव्ह वेगळा ठेवावा आणि मुख्य डिस्क घराबाहेर कोणत्याही संगणकाला लावू नये. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ने जगभर फायली कुलूपबंद करून खंडणी मागितली. असा विषाणू संगणकाला त्या वेळी जोडलेल्या डिस्कवरही हात टाकतो. म्हणून नकलेची डिस्क काम होताच काढून ठेवावी.

अक्षर आहे, वाचता येत नाही

महानुभावांच्या पोथ्या सकळ लिपीत लिहिल्या गेल्या. पोथ्या मठांत सुरक्षित होत्या, पण बाहेरच्या वाचकाला शतकानुशतके त्या मुक्याच राहिल्या. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत त्या लिपीची किल्ली संशोधकांच्या हाती आली आणि मराठी गद्याचा इतिहास मागे सरकला.

आपल्या डिस्कवर अशा सकळ लिप्या पुष्कळ आहेत. युनिकोड घरोघर येण्यापूर्वी मराठी मजकूर ज्या फॉन्टमध्ये टंकला गेला, त्यात ‘क’ हे अक्षर ‘क’ म्हणून साठवलेले नसे. एखाद्या रोमन अक्षराच्या किंवा चिन्हाच्या जागेवर ‘क’चे चित्र बसवलेले असे, आणि प्रत्येक कंपनीची जागा वेगळी. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर फाइल उघडली की पडद्यावर रोमन अक्षरांचा चिवडा दिसतो. ज्यांच्याकडे २००५ च्या आसपासचे लेखन आहे त्यांनी ते आजच, फॉन्ट आणि परिवर्तक मिळताहेत तोवर, युनिकोडमध्ये आणावे आणि शेजारी एक पीडीएफ ठेवावी. पीडीएफमध्ये फॉन्टचे आकारही सोबत बांधता येतात, त्यामुळे पान दिसायचे तसे दिसते.

डिस्कच्या आखणीचीही लिपी असते. फॅट-३२ ही जुनी आखणी जवळपास सर्व यंत्रे वाचतात, पण तिच्यात चार जीबीहून मोठी फाइल मावत नाही. इंचाला ३०० ठिपके या हिशेबाने रंगीत स्कॅन केलेले ए-४ पान, दाबून लहान न करता ठेवले, तर सुमारे २६ एमबी होते. दोनशे पानांचा दिवाळी अंक पाच जीबीच्या वर जातो. तो एकाच फाइलमध्ये ठेवायचा तर फॅट-३२ अपुरी पडते. विंडोजची एनटीएफएस मोठ्या फायली घेते आणि अडखळल्यावर सावरण्याची तिला सोय आहे, पण मॅक ती फक्त वाचतो, तिच्यावर लिहीत नाही. एक्सफॅट दोघांनाही चालते, मात्र सावरण्याची ती सोय तिच्यात नाही. घरी विंडोजच असेल तर एनटीएफएस, दोन्ही असतील तर एक्सफॅट आणि केबल काढताना दुप्पट सावधपणा, असा माझा ठोकताळा आहे.

स्कॅनरचेही असेच. यंत्र ठणठणीत असते, पण नव्या विंडोजसाठी त्याचा ड्रायव्हर कंपनी काढत नाही आणि ते मुके होते. भंगारात देण्यापूर्वी व्ह्यूस्कॅनसारखे स्वतंत्र सॉफ्टवेअर लावून पाहावे. बरेच जुने स्कॅनर त्यावर पुन्हा बोलू लागतात.

पाचवे मागणे

पोथीच्या श्लोकात ‘माझी नक्कल कर’ असे म्हटलेले नसते, कारण ती पोथी स्वतःच नक्कल असते. पोथी जपणे आवश्यकच होते, पण ग्रंथ टिकला तो नकलेमुळे. म्हाइंभटांच्या लीळाचरित्राची मूळ प्रत खालशाच्या धाडीत गेली, असे महानुभाव परंपरा सांगते. मग हिराइसेसारख्या शिष्यांच्या स्मरणातून पाठ सिद्ध करावे लागले, आणि त्यांत भेद राहिले. एक प्रत गेली की काय होते याचे मराठीतले हे सर्वात जुने उदाहरण असावे. त्यांच्याकडे स्मरण तरी होते. पाच-पाच मिनिटांची ध्वनिफीत कोणाच्या स्मरणात राहणार?

हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातल्या खेड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. तो संग्रह वहीतून संगणकावर आला आणि पुढे ‘पारी’च्या संकेतस्थळावर सर्वांसाठी खुला झाला. प्रत्येक साधन जुने होण्यापूर्वी मजकूर पुढच्या साधनावर गेला, म्हणून तो आज ऐकता येतो. वर सांगितलेल्या गुरुजींच्या ओव्या याच जातीच्या होत्या. नक्कल करायला त्यांना एक रात्र आणि एक जादा डिस्क लागली असती.

यासाठी एक साधा हिशेब रूढ आहे, अमेरिकन छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी लोकप्रिय केलेला : तीन प्रती, दोन निराळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतली एक घराबाहेर. एक संगणकात, एक डिस्कवर, एक दुसऱ्या गावी राहणाऱ्या बहिणीच्या कपाटात किंवा क्लाउडवर. डिस्क वेगवेगळ्या वेळी घेतलेल्या असाव्यात, म्हणजे एकाच खेपेचा दोष सर्वांत येत नाही.

नक्कल तपासावीही लागते. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून पाठ शुद्ध केला, तो नकलांत शिरलेल्या चुकांमुळेच. लेखनिक बत्तीस अक्षरांचा एक ग्रंथ धरून पोथीची ग्रंथसंख्या शेवटी नोंदवत. त्यावरून लिखाणाची मजुरी ठरे आणि काही गळले का हेही कळे. संगणकात ‘हॅश’ नावाची बेरीज हेच काम करते. फाइलमधला एक काना बदलला तरी ती पूर्ण बदलते. मूळ आणि नक्कल यांची बेरीज जुळवणारी मोफत साधने सहज मिळतात. ज्यांना ते किचकट वाटेल त्यांनी निदान दोन्हीकडच्या फायलींची संख्या आणि एकूण आकार जुळवावा, आणि मधल्या दहा फायली उघडून पाहाव्यात. डिस्कच्या तब्येतीची नोंद ती स्वतःच ठेवत असते. ‘स्मार्ट’ नावाची ती नोंद दाखवणारे सॉफ्टवेअर वर्षातून दोनदा चालवावे. खराब झाल्याने बदलाव्या लागलेल्या जागांचा आकडा वाढताना दिसला की नवी डिस्क आणावी; जुनी चालते आहे म्हणून थांबू नये.

व्यापारी दिवाळीत वह्या बदलतात. लिहिणाऱ्यांनीही तोच मुहूर्त धरावा असे मला वाटते. सुट्टी असते, घरात माणसे असतात. त्यांच्यापैकी एकाला शेजारी बसवून दाखवावे की कोणती डिस्क कशाची, कुलूप असेल तर त्याचा शब्द कुठे लिहून ठेवला आहे आणि आपल्यामागे हे सगळे कोणत्या ग्रंथालयाला द्यायचे. मग डबीला एक कागद चिकटवावा. त्यावर शाईने आपले नाव, गाव, तारीख, आत काय आहे आणि दुसरी प्रत कोणाकडे आहे, एवढे लिहावे. तो कागद वाचायला कोणतेही यंत्र लागत नाही.